फ्रान्सच्या सागरतीरावरील निवांत रस्ते

फ्रान्स देशाचें व सायकलचें नांव एकत्र उच्चारलें कीं, पुष्कळांस प्रथम आठवते ती १९०३ सालीं सुरू झालेली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत. घाटांतून भरधाव जाणारे स्पर्धक आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस दाटलेली गर्दी, हें तिचें चित्र वर्तमानपत्रांतून सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. परंतु त्या देशांत सायकलचा दुसराहि एक संसार आहे. बैठकीमागें लहानशी पिशवी बांधून, कसलीहि घाई न करितां, एका खेड्यांतून दुसऱ्या खेड्यांत जाणारीं माणसें उन्हाळ्यांत समुद्रकांठच्या प्रदेशांत जागोजाग दिसतात. अशा प्रवासास सायकलइतकाच निवांत रस्ताहि लागतो. हा निवांतपणा तेथें आपोआप उपजलेला नाहीं. लोकांचे श्रम, कायदा व शिस्त ह्यांनीं तो घडला आहे. तो कसा घडला, हें नॉर्मंडी प्रांतांतील एका भागाचें उदाहरण घेऊन सांगण्याचा आमचा विचार आहे.

सेन नदीच्या मुखाच्या उत्तरेस ‘पेई द को’ नांवाचें एक विस्तीर्ण पठार आहे. तें खडूच्या दगडाचें असून त्यांत गारगोट्यांचे थर आढळतात. समुद्राशीं येतांच हें पठार एकाएकीं तुटतें, आणि सुमारें १०० मीटर उंचीचे पांढरे कडे लाटांसमोर उभे राहतात. ल हाव्र बंदराच्या उत्तरेपासून सोम नदीच्या मुखाच्या अलीकडेपर्यंत सुमारें १२० किलोमीटर ही निसर्गाची तटबंदी पसरली आहे. खालून लाटांचा मारा व वरून पावसाचें पाणी ह्यांमुळें हे कडे सतत ढासळत असतात; म्हणून शहाणा प्रवासी कड्याच्या अगदीं कांठाशीं सायकल नेत नाहीं.

खडू पाणी शोषून घेतो, त्यामुळें पठाराच्या माथ्यावर वाहतें पाणी जवळजवळ नाहीं. गांवकरी गुरांसाठीं तळीं राखीत, तीं अद्यापि दिसतात. शोषलेलें पाणी दऱ्यांच्या तळाशीं झऱ्यांच्या रूपानें पुन्हां प्रकट होतें. व्हल-ले-रोझ ह्या गांवांतील व्हल नदी अशाच झऱ्यांतून निघते आणि जेमतेम ११५० मीटर वाहून समुद्रास मिळते. तरी एवढ्याशा प्रवाहावर पूर्वीं पाणचक्क्या चालत असत. किनाऱ्यावरील बहुतेक वस्ती अशा दऱ्यांच्या मुखाशीं आहे. एत्रता, फेकां, सें-व्हालरी, दिएप हीं स्थळें क्रमानें पाहावयाचीं म्हटलीं, म्हणजे प्रत्येक वेळीं पठारावरून समुद्रापर्यंत उतरावें व पुन्हां तितकेंच चढावें लागतें. फेकांपासून दिएपपर्यंतचें सुमारें ७० किलोमीटरांचें अंतर नकाशावर सोपें दिसतें. पाय मात्र निराळी साक्ष देतात.

ह्या चढांवरील उपाय सर्वांच्या गळीं उतरविण्यांत पोल द व्हिव्ही (१८५३–१९३०) ह्या फ्रेंच गृहस्थाचा मोठा वांटा आहे. ‘व्हेलोसियो’ ह्या टोपणनांवानें तो प्रसिद्ध होता. १८८७ सालीं त्यानें सायकलस्वारांसाठीं नियतकालिक काढलें, आणि एका सायकलीस अनेक गति असाव्यात, हें मत त्यानें आयुष्यभर मांडलें. त्यांतील तत्त्व सोपें आहे. पुढचें दांत्यांचें चक्र ४८ दांत्यांचें व मागचें २४ दांत्यांचें असेल, तर पायांनीं एक फेरा दिल्यावर चाक दोनदां फिरतें. चाकाचा परीघ २.१ मीटर धरल्यास सायकल ४.२ मीटर पुढें जाते. मागें १२ दांत्यांचें चक्र घेतलें, तर त्याच एका फेऱ्यांत ती ८.४ मीटर जाते. मात्र पायांस जोर दुप्पट लावावा लागतो. म्हणून चढावर मोठें मागचें चक्र व सपाटीवर लहान चक्र घ्यावें. आज हें पोरासोरांसहि ठाऊक आहे. परंतु धांवत्या सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारी योजना वापरण्याची मोकळीक ‘तूर द फ्रान्स’च्या स्पर्धकांस १९३७ सालीं मिळाली. सामान्य प्रवाशांनीं ती सोय त्यापूर्वींच आपलीशी केली होती.

पठारावर पोहोंचल्यावर चढाचा त्रास संपतो व वाऱ्याचा सुरू होतो. वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. म्हणून फेकांहून दिएपकडे जाणें त्याच्या उलट येण्यापेक्षां सोयीचें पडतें. ह्याच वाऱ्यासाठीं तेथील शेतकऱ्यांनीं आपल्या वाड्यांभोंवतीं मातीचे उंच बांध घालून त्यांवर बीच, ओक इत्यादि वृक्षांच्या रांगा लावल्या. आंत राहतें घर, गोठे, सफरचंदाचीं झाडें व गुरांचें कुरण असतें. दुरून पाहतां उघड्या शेतांच्या सपाटींत हिरवीं बेटें तरंगत असल्याचा भास होतो.

त्या शेतांतील एक पीक आपल्या ओळखीचें आहे. विदर्भ-मराठवाड्यांत जवस तेलासाठीं पेरतात. त्याच वनस्पतीची उंच वाढणारी जात येथें धाग्यासाठीं लावतात. समुद्राची दमट हवा तिला मानवते. मार्च-एप्रिलांत पेरलेलें पीक जूनमध्यें निळ्या फुलांनीं भरून जातें. परंतु एक फूल एका सकाळीपुरतेंच टिकतें. पुढें जुलैच्या सुमारास झाडें कापीत नाहींत, तर मुळासकट उपटून शेतांतच पसरून ठेवतात. दंव व पाऊस ह्यांनीं काडी कुजून सुटी झाली म्हणजे तिच्यांतून वाख निघतो, आणि त्यापासून लिननचें कापड होतें. सकाळीं निळें दिसलेलें शेत दुपारीं परततांना हिरवें दिसावें, हें पाहण्यास सायकलीची मंद गतीच हवी. मोटारींत बसलेल्यास तें लक्षांतहि येणार नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. इतके अरुंद, डांबरी आणि तरीहि शांत रस्ते तेथें आले कोठून? २१ मे १८३६ रोजीं फ्रान्समध्यें ग्रामीण रस्त्यांचा कायदा झाला. गांवागांवांस जोडणारे रस्ते नीट राखण्याची जबाबदारी त्यानें प्रत्येक ग्रामपालिकेवर घातली, आणि त्याकरितां करदात्या कुटुंबांतील धडधाकट पुरुषांमागें, तसेंच गाड्या व ओढीचीं जनावरें ह्यांमागें, वर्षांतून तीन दिवसांपर्यंतचें काम अगर तितके पैसे घेण्याची मुभा दिली. अशा रीतीनें शेतकऱ्यांनीं आपल्या बैलघोड्यांच्या गाड्यांसाठीं जें जाळें विणलें, त्यावरच आज सायकली चालतात. फ्रान्समधील सुमारें ११ लाख किलोमीटर रस्त्यांपैकीं जवळजवळ ७ लाख किलोमीटर ग्रामपालिकांचे आहेत व सुमारें पावणेचार लाख किलोमीटर जिल्ह्यांचे. जिल्ह्याच्या रस्त्यावरील पांढऱ्या दगडांचा माथा पिवळा रंगविलेला असतो. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दूरच्या वाहनांसाठीं स्वतंत्र महामार्ग झाले, तेव्हां जड रहदारी तिकडे वळली व जुने रस्ते मोकळे झाले.

रस्ता असला तरी त्यावरून हिंडण्यास सवड हवी. कारखान्यांतील मजुरास ती १९३६ पर्यंत नव्हती. रजा घेतली कीं मजुरी बुडत असे. त्या वर्षीं लेओं ब्लुम ह्यांचें सरकार अधिकारावर आलें, देशभर संप झाले, आणि २० जून १९३६ च्या कायद्यानें कामगारांस वर्षाकांठीं दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. क्रीडा व विश्रांति ह्या खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज ह्यांनीं आगगाडीच्या सवलतीच्या तिकिटांची सोय केली. ज्यांस तेंहि परवडत नव्हतें ते सायकलीवर, तर नवराबायको दोघांच्या जोडसायकलीवर बसून समुद्राकडे निघाले. त्यांपैकीं पुष्कळांनीं समुद्र जन्मांत प्रथमच पाहिला. पुढें १९५६ सालीं ही रजा तीन आठवड्यांची, १९६९ सालीं चारांची व १९८२ सालीं पांचांची झाली.

ह्याच किनाऱ्यानें दुसरें महायुद्धहि पाहिलें. १२ जून १९४० रोजीं सें-व्हालरी येथें स्कॉटलंडच्या सैन्याच्या ५१ व्या डिव्हिजनला शरण जावें लागलें. १९ ऑगस्ट १९४२ रोजीं दिएपवर सुमारें ६००० दोस्त सैनिकांनीं हल्ला केला. त्यांपैकीं जवळजवळ ५००० कॅनडाचे होते, व त्यांतील ९०० हून अधिक प्राणांस मुकले. दिएपच्या दक्षिणेस त्यांचें दफनस्थान आहे. आजची शांतता कोणत्या किंमतीवर आली आहे, हें तेथील शुभ्र शिलांच्या रांगा न बोलतां सांगतात.

ही शांतता राखण्याची काळजी अद्यापि घेतली जाते. रोस्कोफपासून डंकर्कपर्यंत सुमारें १५०० किलोमीटरांचा ‘व्हेलोमारितीम’ हा सायकलमार्ग ह्याच किनाऱ्यानें जातो; त्याचा कांहीं भाग बंद पडलेल्या आगगाडीच्या वाटेवरून काढला आहे. कायद्यानें मोटारीस सायकलस्वाराला ओलांडतांना वस्तींत एक मीटर व वस्तीबाहेर दीड मीटर अंतर राखावें लागतें. सायकलस्वारासहि बंधनें आहेत: वस्तीबाहेर रात्रीं चकाकणारी बंडी घालावी लागते, दिवे लावावे लागतात, आणि २०१७ पासून बारा वर्षांखालील मुलांस शिरस्त्राण सक्तीचें आहे. वाहनें उजव्या बाजूनें चालतात, आणि निराळी खूण नसेल तेथें उजवीकडच्या रस्त्यानें येणाऱ्यास आधीं जाऊं द्यावें लागतें.

ह्या दीड मीटराकडे आम्ही विद्यार्थ्यांचें व त्यांच्या पालकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. ज्याच्या हातीं अधिक वेग व अधिक वजन आहे, त्यानें दुबळ्यास जागा सोडावी, एवढाच त्याचा अर्थ आहे. तीन दिवस दगड फोडणाऱ्या शेतकऱ्यानें रस्ता दिला, संपावर गेलेल्या मजुरानें सवड मिळविली, आणि मोटार हांकणारा रोज थोडी जागा सोडतो. तेव्हां कोठें एखादें मूल आईबापांच्या मागें सायकल हांकीत निर्भयपणें समुद्र पाहावयास जातें. आपल्या गांवच्या रस्त्यावर शाळेस जाणाऱ्या मुलास तेवढी जागा सोडण्यास मात्र कोणत्याहि कायद्याची वाट पाहावयास नको.