धोका दिसत होता, तरीही

गैरसमज : अपघाताची कुणाला कल्पनाच नव्हती.

नासाचं 'चॅलेंजर' यान 28 जानेवारी 1986 रोजी उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. घन इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने ताठरली होती. कडीची झीज 1981 पासून दिसत होती. रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीतले अभियंते रॉजर बोईजोली यांनी जुलै 1985 मध्ये, यात जीव जाऊ शकतात, असं वरिष्ठांना लेखी कळवलं होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर बैठक झाली. 12 अंश सेल्सिअसच्या खाली यान उडवू नका, असं थायोकोलने सांगितलं. नासाचे अधिकारी नाराज झाले. मग कंपनीच्या वरिष्ठांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून निर्णय फिरवला. उड्डाणाच्या वेळी तापमान 2 अंशांच्या आसपास होतं.

त्या रात्री यान सुरक्षित असल्याचा पुरावा कुणी मागितला नाही. ते असुरक्षित आहे हे अभियंत्यांनीच सिद्ध करायचं होतं, आणि अपघात होण्याआधी तसा ठाम पुरावा कुणाकडे असणार?

गैरसमज : इतक्या वेळा निभावलं, म्हणजे काळजीचं कारण नाही.

झिजलेली कडी घेऊन यान सुखरूप परतलं की झीज 'चालण्यासारखी' ठरायची. चॅलेंजरच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना आढळलं, की अपघाताची शक्यता व्यवस्थापनाच्या मते लाखात एक होती, तर अभियंत्यांच्या मते शंभरात एक.

गैरसमज : पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

चॅलेंजरनंतर सांधा सुधारला, पण विचार करण्याची रीत तीच राहिली. इंधनटाकीवरचा फेस उड्डाणात सुटून यानावर आदळतो, हेही हळूहळू अंगवळणी पडलं. जानेवारी 2003 मध्ये 'कोलंबिया'च्या डाव्या पंखावर असाच तुकडा बसला. पंखाचे फोटो कक्षेत काढून घ्या, अशी मागणी अभियंत्यांनी वारंवार केली. ती मान्य झाली नाही. 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. अंतराळवीर कल्पना चावला त्यातच होत्या.

गैरसमज : कळलं असतं तरी काय करता आलं असतं?

चौकशी मंडळाने हेही तपासून घेतलं. नुकसान वेळेत कळलं असतं, तर 'अटलांटिस' यान घाईने पाठवून कोलंबियातल्या सातही जणांना परत आणणं अवघड, पण शक्य कोटीतलं होतं.