विद्यार्थी एक, कार्ड वडिलांचे

‘सर, पैसे कट झाले.’

जुलैत प्रवेशांची गडबड सुरू झाली की आमच्या लॅबमध्ये हे वाक्य सारखे कानावर पडते. मी पुण्यातल्या एका डिझाइन महाविद्यालयात संगणक लॅब सांभाळतो. प्रिंटर, नेट, लायसन्स ही माझी नेमून दिलेली कामे. मुलांच्या सॉफ्टवेअर-बिलांचे घोळ निस्तरणे हे मात्र कुणी न नेमताच गळ्यात पडलेले आहे. विद्यार्थी सवलतीत घेतलेले सदस्यत्व अचानक पूर्ण दराने कापले जाते, तेही नेमके मेसचे पैसे भरायच्या आठवड्यात.

मुलगा येतो तो मोबाइल पुढे करत. त्यावर बँकेचा मेसेज. रक्कम, तारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे यापलीकडे त्यात काही नसते, म्हणून मी बिल मागतो. खात्यात शिरून पीडीएफ उतरवायची आणि खालून वर वाचत जायची. खाली एकूण रक्कम, तिच्या वर १८ टक्के जीएसटी. जाहिरातीतला दर कधी करासह असतो, कधी कर सोडून. बऱ्याच तक्रारी या एका ओळीवरच मिटतात. त्याच्या वर प्लॅनचे नाव. ‘स्टुडंट’ हा शब्द तिथे आहे की गळलाय, ते बघायचे. मग मुदत. आणि अगदी वर, सगळ्यांच्या नजरेतून सुटणारा ईमेल.

घोळ बहुतेक वेळा तिथेच सापडतो. पडताळणी केलेली असते कॉलेजच्या मेलवर आणि बिल फाटते घरगुती जीमेलवर. फोनमध्ये जीमेल आधीच उघडे असते, ‘गूगलने साइन इन करा’ हे बटण समोर असते, एक टिचकी मारली की दुसरे खाते तयार. कंपनीच्या लेखी मग दोन वेगळी माणसे झाली: एक विद्यार्थी, ज्याने काहीच विकत घेतलेले नाही, आणि एक तिऱ्हाईत, जो पूर्ण दर भरतोय. यंत्राचे काही चुकलेले नसते, त्यामुळे मदतकक्षातला माणूसही सुरुवातीला ‘सगळे बरोबर आहे’ असेच उत्तर देतो. खरेदी फोनवरच्या ॲपमधून झाली असेल तर आणखी वळसा. पैसे गूगल किंवा ॲपलच्या दुकानात गेलेले असतात, ते परत मागायचे तर पुष्कळदा तिथेच मागावे लागतात.

दुसरा मोठा ढीग पडताळणीचा. अनेक कंपन्या हे काम स्वतः करत नाहीत. अमेरिकेतल्या शीअरआयडीसारख्या त्रयस्थ कंपन्या ते करतात. शेवटी ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ असलेला मेल असेल तर पुष्कळदा काम क्षणात होते. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी संलग्न महाविद्यालयांत मुलांना असा मेल मिळतच नाही. मग कागद चढवायचा. कागदावर तीन गोष्टी हव्यात: नाव, संस्थेचे नाव आणि चालू वर्षातली तारीख. ऐकायला सोपे आहे. आमच्याकडे प्रवेशाच्या ‘कॅप’ फेऱ्या लांबतात, नवे ओळखपत्र हातात यायला दिवाळी उजाडते, आणि गळ्यात असते ते गेल्या वर्षाचे.

मागच्या वर्षी एका मुलीचा कागद पुन्हा पुन्हा नाकारला जात होता. तिची फी पावती मी टेबलावर नीट पसरून पाहिली. नाव परीक्षेच्या अर्जावर असते तसेच छापलेले: आधी आडनाव, मग तिचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आईचे. अर्जात तिने साहजिकच पहिल्या चौकटीत स्वतःचे नाव आणि शेवटच्या चौकटीत आडनाव भरलेले. पावती वाचणाऱ्याला मात्र आडनावाच्या जागी आईचे नाव दिसत होते. म्हटले, बोनाफाईड आण. आणले तर जांभळा गोल शिक्का बरोबर तारखेवर. मी ऑफिसात जाऊन विनंती केली की शिक्का जरा बाजूला मारा. तिथल्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. ‘अहो, तारखेवरच मारायचा असतो. नाहीतर उद्या कुणीही तारीख बदलेल.’ त्यांचे म्हणणे खरेच होते. फसवणूक टाळायला मारलेल्या शिक्क्याने तारीख वाचता येत नाही, आणि तारीख वाचता येत नाही म्हणून पलीकडे फसवणुकीचा संशय. शेवटी तारीख टाइप करून वर एकदा आणि शिक्क्याखाली एकदा, अशी दोनदा घातली. नाव आणि आडनाव एवढेच, इंग्रजीत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो न चढवता सरळ स्कॅन केला. तेव्हा कुठे तो मंजूर झाला.

या सवलती आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा विद्यार्थी एकटा असतो. त्याचा स्वतःचा मेल, स्वतःचे कार्ड, स्वतःचा फोन. आमच्याकडे शिकते पोर, कार्ड वडिलांचे, खाते ताईने कधीतरी काढून दिलेले. तिघांचा मेळ बसला नाही की बिल पूर्ण दराचे. माझे काम म्हणजे हा मेळ लावणे. हिशेब त्यात फार थोडा असतो.

पैसे गेलेले दिसले की मुलांचा पहिला हात ‘कॅन्सल’वर जातो. तो मी आधी बाजूला करतो. दरमहा पैसे कापणारे पण करार वर्षाचा, असे काही प्लॅन असतात. ते मध्येच सोडले तर उरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा दंड म्हणून लागू शकतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या पुढाकाराने जून २०२४ मध्ये ॲडोबीविरुद्ध दावा दाखल झाला, तो हा दंड ग्राहकापासून दडवल्याच्या आरोपावरूनच. दुसरा आततायी उपाय म्हणजे बँकेत तक्रार करून व्यवहार उलटवणे. पैसे येतीलही, पण कंपनी खाते गोठवू शकते आणि क्लाउडवरचा सबमिशनचा प्रोजेक्ट आत अडकतो. आधी योग्य खात्यावर पडताळणी, मग प्लॅन बदलून फरक परत मागणे, आणि रद्द करणे अगदी शेवटी. हा क्रम मी मोडू देत नाही. ऑटोडेस्क आणि जेटब्रेन्स विद्यार्थ्यांना वर्षभराचे लायसन्स फुकट देतात, दरवर्षी नव्याने पडताळणी करून. तरीही त्यासाठी पैसे मोजून बसलेली मुले भेटतात, तेव्हा मात्र माझा आवाज चढतो.

मदतकक्षाला लिहिणे ही वेगळीच कला. मुले शाळेतल्या रजेच्या अर्जासारखे ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ने सुरू करतात, घरची परिस्थिती सांगतात, आणि ऑर्डर क्रमांक राहून जातो. मी ते सगळे खोडायला लावतो. दोन ईमेल, ऑर्डर क्रमांक, पडताळणी मंजूर झाल्याचा स्क्रीनशॉट आणि एकच मागणी: हा प्लॅन त्या खात्यावर हलवा आणि फरक परत करा. चार ओळी पुरतात. समोर आधी बॉट असतो, तो मदतीची पाने दाखवत राहतो. ‘बिलिंग’, ‘एजंट’ असे तुटक शब्द टाकले की माणूस येण्याची शक्यता वाढते. माणूस आला की काम बऱ्यापैकी सुरळीत होते. या कक्षांतल्या पोरांबद्दल मला राग नाही. तीही असल्याच एखाद्या कॉलेजातून बाहेर पडलेली असतात.

राहिले वडील. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी पहिल्यांदा ओटीपीने मंजुरी लागते, आणि पुढे दर वेळी निदान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. ओटीपीशिवाय कापता येणारी मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. सूचनेतच नकार द्यायची सोय असते. नियम चांगलाच आहे. अडचण एवढीच की सूचना जाते कार्डवाल्याच्या मोबाइलवर, आणि तो लातूरजवळ सोयाबीनच्या रानात असतो.

अशाच एका वडिलांचा मला फोन आला. ‘साहेब, पोरगं म्हणतंय पैसे कंपनीनं खाल्ले. मला तर मेसेज आला होता म्हणे, पण मी काय इंग्रजी मेसेज उघडीत नाही, सगळे लोनवालेच असतात.’ मी म्हटले, काका, पुढच्या वर्षी पुन्हा पडताळणी राहिली तर पुन्हा पूर्ण दर लागेल, तेवढा एक मेसेज बघत जा. त्यांनी जागच्या जागी तोडगा काढला: ओटीपी सोडून बँकेचा आलेला प्रत्येक मेसेज पोराला पाठवायचा. आता त्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर ट्रॅक्टरच्या कर्जाची जाहिरात येते, आडत्याकडून जमा झालेली पट्टी येते, खत-दुकानाची उधारी फेडल्याचे येते, आणि त्यातून सॉफ्टवेअरचा मेसेज वेचायचे काम त्याच्याकडे लागले आहे.