स्वादुपिंडाची सूज : पहिले दोन दिवस मोलाचे

पोट दुखले, उलट्या झाल्या की आपल्याकडे निदान ठरलेले असते, 'पित्त झाले असेल!' मग सोडा पाजला जातो, मेडिकलमधून गॅसची गोळी येते, फार तर गल्लीतला डॉक्टर एक इंजेक्शन देतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. पण काही वेळा ते पित्त नसते. जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडाला सूज आलेली असते. डॉक्टर या आजाराला पॅन्क्रिएटायटिस म्हणतात. पहिले दोन दिवस कसे गेले आणि रोगी कोणाच्या हाती पडला, यावर यात बरेच काही ठरते. गोरगरीब दोन्ही ठिकाणी मार खातात. म्हणून हा विषय वस्तीवस्तीत समजावून सांगितला पाहिजे.

स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते, तसाच अन्न पचविणारा रसही तयार करते. हा रस आतड्यात जाऊन कामाला लागायचा असतो. या आजारात तो ग्रंथीतच कामाला लागतो आणि ग्रंथीलाच पचवू लागतो. बेंबीच्या वर असह्य वेदना होतात, त्या पाठीपर्यंत जातात, पुढे वाकून बसल्यावर किंचित बरे वाटते, उलट्या थांबत नाहीत. असे दुखणे असेल तर गोळ्यांवर वेळ काढू नका. हृदयविकाराचा झटकाही कधी कधी असाच पोटात दुखतो. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

हा दारुड्यांचा आजार आहे, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दारू हे मोठे कारण आहेच, पण पित्ताशयातील खडे हे तितकेच मोठे कारण आहे. रक्तातील चरबी फार वाढल्यानेही हा आजार होतो. आयुष्यात दारूला न शिवलेल्या बाईलाही 'पिता का?' हा प्रश्न ऐकावा लागतो. आणि ज्याला दारूमुळे आजार झाला, त्याचाही उपचाराचा हक्क कमी होत नाही. त्याला हिणवले तर पुढच्या वेळी तो दुखणे लपवील. दारू आणि तंबाखू दोन्ही सुटणे हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे. संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे आणि मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे ही दोन्ही कर्तव्ये राज्यावर एकत्रच टाकली आहेत. दारूच्या महसुलावर डोळा ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांना यातले कोणते आठवते?

दहापैकी साधारण आठ रोग्यांचा आजार सौम्य असतो व ते आठवडाभरात घरी जातात. उरलेल्यांत ग्रंथीचा भाग सडणे, फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होणे असे प्रकार घडतात. ही सूज उतरविणारे हमखास औषध अजून निघालेले नाही. म्हणूनच येथे अनुभवाला किंमत आहे. पूर्वी भरमसाट सलाईन चढवीत. भारतासह चार देशांत झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जोरात सलाईन दिलेल्या १०० पैकी सुमारे २० रोग्यांच्या शरीरात पाणी जादा झाले, बेताने दिलेल्यांत हे प्रमाण ६ होते. रोग्याला दिवसेंदिवस उपाशी ठेवणे आणि जंतुसंसर्ग नसताना भारी अँटिबायोटिक्स देणे हेही आता योग्य मानले जात नाही. सडलेल्या भागावर घाईने सुरी चालवणे तर घातक ठरते. हॉलंडमधील २०१० च्या अभ्यासात आधी नळी घालून पू काढला, तेव्हा तीनपैकी एका रोग्याला मोठ्या शस्त्रक्रियेची गरजच पडली नाही. खड्यांमुळे आलेली सूज सौम्य असेल तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढणे हिताचे. घरी पाठवून महिनाभराने बोलावले तर मध्येच दुसरा झटका येऊ शकतो.

तेव्हा नातेवाईकांनी नम्रपणे, पण न घाबरता विचारावे : असे रोगी येथे नेहमी येतात का? अतिदक्षता विभाग आहे का? दुर्बिणीने पित्तनलिकेतील खडा काढणारे, नळी घालणारे डॉक्टर आहेत का? नसतील तर कोठे पाठवाल आणि केव्हा? चकचकीत इमारत म्हणजे अनुभव नव्हे. मुंबईत के.ई.एम., सायन, नायर, जे.जे. या सरकारी व पालिका रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. तेथे गर्दी आहे, पण त्या गर्दीतूनच डॉक्टरांचा हात तयार होतो.

पैशाअभावी रोगी परत फिरवला जात असेल तर आपले हक्क ठाऊक हवेत. तातडीचे उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या खटल्यात सांगितले. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, आपला उपचार यादीत बसतो का हे त्याला विचारा. कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते कागद जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरला तेच वाट दाखवतात.

कार्यकर्त्यांनी जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा, धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा आणि रुग्णवाहिकेच्या १०८ या क्रमांकाचा फलक प्रत्येक विहारात, वाचनालयात लावावा. मध्यरात्री कुणी पोट धरून कळवळत असताना घरच्यांना पत्ता शोधत बसावे लागू नये, एवढे तरी आपण नक्की करू शकतो.