आरोग्याचा हक्क आणि त्याचा खर्च : राजस्थानचे उदाहरण

आरोग्यसेवेतील सुधारणांचा अभ्यास करताना अर्थकारण आणि राजकारण वेगळे काढता येत नाही. कोणती सेवा कोणाला मिळावी, हा राजकीय निर्णय होय. तिचा खर्च कोणी सोसावा, हा आर्थिक प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा संदिग्ध ठेवल्यास काय घडते, ते राजस्थानच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

आरोग्यसेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी नसते. कापड घेताना आपण चार दुकाने फिरतो, भाव करतो. अपघातात जखमी झालेल्याला ती सवड नसते आणि कोणता उपचार आवश्यक आहे, हेही त्याला ठाऊक नसते. त्यामुळे येथे केवळ बाजारावर विसंबता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात, जखमीचे प्राण वाचविणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले. मात्र कर्तव्य निश्चित झाल्याने खर्चाचा प्रश्न सुटत नाही.

२१ मार्च २०२३ रोजी राजस्थान विधानसभेने आरोग्य हक्क विधेयक संमत केले. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न घेता उपचार करावेत आणि रुग्णाने पैसे न दिल्यास शासनाने भरपाई करावी, अशी तरतूद त्यात होती. खासगी डॉक्टरांनी विरोधात आंदोलन पुकारले. 'तातडीचा प्रसंग' म्हणजे नेमका कोणता आणि भरपाई कशी मिळणार, हे त्यांचे प्रमुख आक्षेप होते. ४ एप्रिल रोजी तडजोड झाली. ५० पेक्षा कमी खाटांची, तसेच शासनाकडून जमीन वा अन्य सवलत न घेतलेली खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे मान्य झाले.

डॉक्टरांचा प्रश्न अनाठायी नव्हता. कर्मचाऱ्यांचे वेतन आणि यंत्रांचे हप्ते लहान रुग्णालयालाही चुकत नाहीत. परंतु तडजोडीच्या बैठकीत डॉक्टरांच्या संघटना होत्या. उद्या ज्याला अपघात होणार आहे, त्याची संघटना नसते. म्हणून खर्चाची तरतूद कायद्यातच स्पष्ट नसेल, तर हक्काचा संकोच होतो आणि त्याची झळ असंघटित रुग्णाला बसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : भरपाईची मुदत व दर कायद्यातच निश्चित असते, तर डॉक्टरांचे कोणते आक्षेप दूर झाले असते आणि कोणते उरले असते? सकारण लिहा.