दुर्मिळ कॅन्सर आणि मेणाचा एक ठोकळा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणात अडकले होते, तेवढ्यात सोलापूरहून मामेभावाचा फोन आला. "ताई, तू कॅन्सरवरच काम करतेस ना? पप्पांचा रिपोर्ट बघ जरा."

मामांच्या जठरातून मोठी गाठ काढली होती. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'स्पिंडल सेल ट्यूमर', आणि खाली एक ओळ, 'आयएचसी तपासणी करावी'. ती शेवटची ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती. ऑपरेशन झालं, टाके निघाले, विषय संपला असंच सगळे धरून चालले होते.

मी डॉक्टर नाही. पीएचडी झाल्यावरही त्या अर्थाने होणार नाही! त्यामुळे उपचार सांगणं माझं काम नाही. पण त्या एका ओळीत काय दडलंय, ते मात्र तुम्हाला नक्की सांगू शकते.

स्पिंडल सेल हे आजाराचं नाव नाही

स्पिंडल सेल म्हणजे चरख्याच्या चातीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती दिसणारी पेशी. हे झालं दिसण्याचं वर्णन. जठरातली अशी गाठ स्नायूची असू शकते, मज्जातंतूच्या आवरणाची असू शकते किंवा 'जिस्ट' नावाचा दुर्मिळ कॅन्सर असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे तिघे सख्ख्या भावांसारखे दिसतात. आयएचसीमध्ये पेशींवरची विशिष्ट प्रथिनं रंगवून त्यांना वेगळं ओळखतात. सीडी११७ आणि डॉग१ ही दोन प्रथिनं दिसली, तर जिस्टची शक्यता खूप वाढते.

पूर्वी जिस्टच्या बऱ्याच गाठींना स्नायूच्या गाठी समजलं जायचं. १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की या गाठींमध्ये 'किट' नावाच्या जनुकात बिघाड असतो. पेशीला 'वाढ' असं सांगणारं बटण कायमचं चालू राहतं. ते बटण बंद करणारं औषध, इमॅटिनिब, तेव्हा रक्ताच्या एका कॅन्सरसाठी तपासलं जात होतं. २००० साली फिनलंडमध्ये जिस्टच्या एका रुग्ण स्त्रीला ते दिलं आणि तिच्या पसरलेल्या गाठी आक्रसल्या. आधीच्या केमोथेरपीला हा आजार जवळजवळ दाद देत नसे. म्हणजे बघा, गाठीचं नाव बदललं की औषध बदलतं, आणि पुढची वर्षंही बदलतात.

मग चूक कोणाची?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. जिस्ट वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण १० ते १५ जणांना होतो. युरोपात वर्षाला लाखामागे ६ पेक्षा कमी नवे रुग्ण असलेल्या कॅन्सरला दुर्मिळ म्हणतात. गंमत अशी की हे सगळे दुर्मिळ कॅन्सर एकत्र केले तर तिथल्या एकूण कॅन्सरच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भरतात. पण जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टसमोर त्यातला एकेक प्रकार येणार किती वेळा?

फ्रान्स आणि इटलीतल्या तीन प्रदेशांत सार्कोमाच्या (जिस्ट याच कुळातला) नमुन्यांची तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४० टक्क्यांहून जास्त रुग्णांच्या पहिल्या निदानात काही ना काही बदल करावा लागला. आजार दुर्मिळ असेल तर दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

तुम्ही काय करू शकता?

पहिलं, ब्लॉक मागून घ्या. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. मामांनी विचारलं, "अगं, मेणाचा ठोकळा घेऊन मी काय करू?" मामा, रिपोर्ट म्हणजे कोणीतरी आधी वाचून काढलेला अर्थ, आणि ब्लॉक म्हणजे मूळ पुस्तक. नवा तज्ज्ञ पुस्तक मागतो. सोबत स्लाइड, सीटी स्कॅनची सीडी आणि ऑपरेशनची नोंद ठेवा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत कागदपत्रं मिळण्याचा आणि दुसरं मत घेण्याचा, असे दोन्ही हक्क आहेत.

दुसरं, हा आजार नेहमी पाहणारी टीम शोधा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अवयवांनुसार आणि आजारांनुसार वेगवेगळे गट आहेत. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली कॅन्सर रुग्णालयं जोडलेली आहेत, तुमच्या जवळचं कोणतं ते बघा. भेटीत सरळ विचारा: असे किती रुग्ण तुम्ही पाहता? सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात का? जनुकीय तपासणी लागेल का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण जिस्टच्या काही प्रकारांवर इमॅटिनिब चालतच नाही.

अनुभव का लागतो त्याचं एक उदाहरण देते. गोळी लागू पडत असतानाही सीटीवर गाठ सुरुवातीला तेवढीच, कधी थोडी मोठीही दिसू शकते. आतून मात्र ती मरत असते. ज्याला हे माहीत नाही, तो चांगलं चाललेलं औषध बंद करेल.

तिसरं, मुंबईला बिऱ्हाड हलवायची गरज बहुतेकदा नसते. दिशा तज्ज्ञांनी ठरवायची, रक्ततपासण्या आणि नेहमीची देखरेख गावच्या डॉक्टरांकडे. जावंच लागलं तर कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत मिळते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या रुग्णांची राहायची सोय होते, पण गर्दी असते, आधी चौकशी करा.

आणि चौथं, तोच आजार असलेलं कोणीतरी गाठा. 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' हा गट आपल्याकडे जिस्टच्या आणि रक्ताच्या एका कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करतो. गोळीने डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पायात गोळे येतात, हे मी पेपरात वाचलंय. त्यावर घरी काय करायचं, हे तीच गोळी घेणारा माणूस जास्त चांगलं सांगेल. (त्रास वाढला तर डॉक्टरांनाच विचारायचं, हे आलंच.)

मामांचा ब्लॉक मुंबईला गेला. जिस्टच निघाला, आणि परत उद्भवण्याचा धोका जास्त असलेला. आता ते रोज जेवताना गोळी घेतात, तीन वर्षं घ्यायची आहे. पुढचा सीटी दिवाळीनंतर आहे. त्यात काय दिसेल, ते मला सांगता येणार नाही. पण आता तो स्कॅन कोणाला दाखवायचा, हे आम्हाला माहीत आहे.

तुमच्या घरी असा एखादा रिपोर्ट फायलीत पडून असेल, तर आज एकदा शेवटची ओळ वाचून बघा.