सभेला जाताना काय नेसू?

अधिवेशन तीन दिवसांचं आणि पलंगावर साड्या अकरा. नवी मुंबईतल्या सीवूड्समधल्या आमच्या महिला मंडळाच्या सोळाजणी नाशिकला निघाल्या होत्या आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच विषय चालू होता. उद्घाटनाला निळी साडी, रात्रीच्या कार्यक्रमाला नऊवारी, समारोपाला सुती असं ठरलं होतं. मग निळी म्हणजे नेमकी कोणती यावर फोटो पडू लागले. एकीची निळी मोरपिशी निघाली, दुसरीची जांभळ्याकडे झुकली, तिसरी म्हणाली, माझ्याकडे काठ निळे आहेत, चालेल का? घरातून शेरा आला, "अधिवेशनाला निघालीस की लग्नाला?"

मीही हसले. मग लेखासाठी म्हणून जुनी चरित्रं आणि आठवणी काढून बसले आणि हसू ओसरलं. गेल्या दीडशे वर्षांत मराठी बाई जेव्हा जेव्हा घराबाहेरच्या सभेला निघाली, तेव्हा तिच्यापुढचा पहिला प्रश्न हाच होता: काय नेसू? फरक एवढाच की पुष्कळदा याचं उत्तर दुसरंच कुणीतरी देत होतं.

नऊवारी, थंडी आणि पोटऱ्या

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. त्याआधी फेब्रुवारीत कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी आपण का जातो आहोत ते इंग्रजीतून सांगितलं होतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा त्यांचा शब्द. हा शब्द पाळायचा म्हणजे आहार आणि पोशाख सांभाळायचा. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तिकडची थंडी आणि तिकडच्या नजरा, दोन्हींपुढे ते अडचणीचं. शेवटी त्यांनी साडी सोडली नाही, नेसण बदललं. गुजराती पद्धतीने, पाय पूर्ण झाकले जातील अशी साडी त्या नेसू लागल्या. महाराष्ट्रात यावर टीकाही झाली आणि कौतुकही. नेसण बदललेली ही बाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली.

या प्रवासामागे आजच्या भाषेत ज्याला नेटवर्किंग म्हणतात तेही होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचं पत्र वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. दोघींनी एकमेकींना पाहिलेलंही नव्हतं. काही वर्षं पत्रं जात-येत राहिली, 'मावशी' हे नातं जडलं आणि न्यूयॉर्कला बोट लागली तेव्हा आनंदीबाईंना हक्काचं घर होतं.

एक डॉलर, दहा वर्षं

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यासाठी त्या इंग्लंडहून आल्या आणि अमेरिकेतच अडीच-पावणेतीन वर्षं राहिल्या. विधवेचा साधा वेश आणि शाकाहार सांभाळून त्या गावोगाव व्याख्यानं देत हिंडल्या. १८८७ मध्ये बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' निघाली आणि ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल्स' उभी राहिली. सभासदाने वर्षाला एक डॉलर, असं दहा वर्षं द्यायचं. हिशेब साधा होता आणि पोक्तही. एका व्याख्यानाने डोळ्यांत पाणी येतं, शाळा चालवायला दहा वर्षं लागतात. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं.

मधल्या काळात, मार्च १८८८ मध्ये, वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरली. सेनेका फॉल्सच्या पहिल्या स्त्री-हक्क सभेला तेव्हा चाळीस वर्षं होत होती. त्या व्यासपीठावरून पंडिता रमाबाई भारतातल्या बायकांविषयी बोलल्या. अमेरिकेतल्या बायकांचे क्लब, दारूबंदीसाठी लढणारी त्यांची संघटना, त्यांच्या समित्या हे सगळं त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या १८८९ च्या पुस्तकात मराठी वाचकांपुढे मांडलं. संघटनेचं कौतुक करणारी हीच बाई तिथल्या फॅशनवर मात्र टीका करते. टोपीत खोचण्यासाठी पाखरं मारणं तिला सहन होत नाही. परिषदेत काय ऐकलं याइतकंच तिथे बायका काय घालून आल्या होत्या हे तिने नीट पाहिलं होतं. बाई पाहतेच. पाहून काय निष्कर्ष काढते, हा पुढचा भाग.

भगिनीसंघांची कुळकथा

त्याच काळात अमेरिकेच्या कॉलेजांत मुलींचे भगिनीसंघ रुजत होते. मुलग्यांच्या ग्रीक अक्षरांच्या मंडळांत प्रवेश नव्हता, म्हणून १८७० साली इंडियानातल्या एका कॉलेजात मुलींनी 'काप्पा अल्फा थीटा' काढली. 'सोरोरिटी' हा शब्द नंतरचा. १८७४ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात निघालेल्या मंडळासाठी लॅटिनच्या प्राध्यापकांनी बहीण या अर्थाच्या 'सोरोर'वरून तो सुचवला. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी 'अल्फा काप्पा अल्फा' स्थापली. अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस याच संघाच्या. त्यांचं दर दोन वर्षांनी अधिवेशन भरतं, ग्रीक सभेवरून त्याला 'बूले' म्हणतात. गुलाबी आणि हिरवा हे संघाचे रंग, त्यामुळे त्या दिवसांत अख्खं शहर त्या दोन रंगांनी भरतं. १९९८ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला दक्षिण आशियाई मुलींची 'काप्पा फाय गॅमा' निघाली, तिथे लेहेंगाही बॅगेत जाऊन बसला.

आपल्याकडच्या शहरांत याच्या जवळ जाणारं नाव इनरव्हील. त्याचा जन्म मँचेस्टरमधला, आणि जागा मोठी गमतीची. नोव्हेंबर १९२३ मध्ये मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटरी सदस्यांच्या बायकांना एकत्र बोलावलं ते एका टर्किश बाथच्या खोलीत! जानेवारी १९२४ मध्ये क्लबची रीतसर स्थापना झाली. नवऱ्यांचे क्लब हॉटेलात जेवत होते, बायकांना जागा मिळाली ती न्हाणीघरात. आपल्याकडची मंडळंही अशीच देवळाच्या ओवरीत, चाळीच्या गच्चीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू झालेली आहेत.

एका वर्षातल्या दोन सभा

न्यायमूर्ती रानड्यांच्या घरातल्या मोठ्या बायका त्यांच्या पत्नीला, रमाबाईंना, सभेला जाते म्हणून घालूनपाडून बोलत. रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचणाऱ्याला ते प्रसंग विसरता येत नाहीत. त्याच रमाबाई रानडे डिसेंबर १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या.

१९२७ हे वर्ष मला सर्वांत बोलकं वाटतं. त्या जानेवारीत पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. मूळच्या आयरिश मार्गारेट कझिन्स यांनी देशभरच्या बायकांना पत्रं पाठवली होती की मुलींच्या शिक्षणाविषयी तुम्हांला काय हवं ते आपापल्या गावी जमून ठरवा. गावोगावच्या त्या बैठकांतून प्रतिनिधी आल्या. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. राजघराणी, शिकलेल्या बायका, रेशीम आणि इंग्रजी भाषणं असं ते दृश्य.

आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाड. सत्याग्रह परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर खास दलित बायकांशी बोलले. ते कपड्यांबद्दल बोलले! आपली जात ओळखू येते ती आपल्या नेसण्यावरून आणि अंगावरच्या जाडजूड दागिन्यांवरून, तेव्हा ते टाका, असं त्यांनी सांगितलं. लुगडं गुडघ्यावर घेणं ही त्या बायकांची आवड नव्हती, तो त्यांच्यावर लादलेला शिक्का होता. लुगडं घोट्यापर्यंत घेणं ही बंडखोरी होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये हा प्रसंग नोंदवला आहे. लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्या बायकांना नव्या पद्धतीचं नेसण शिकवलं. दुसऱ्या बाईच्या निऱ्या हातात घेऊन दोन बायका बसल्या आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पंधरा वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क, एकाच बायकोचा कायदा, गिरण्यांतल्या कामगार बायकांना रजा असे ठराव झाले. महाडला नेसण बदलून सुरू झालेली वाट नागपुरात ठरावांपर्यंत पोचली होती.

वाण, उखाणा आणि गळ्यातलं कार्ड

ओळखी वाढवण्याची विद्या आपल्याला कुणी बाहेरून शिकवलेली नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारं हळदीकुंकू म्हणजे ठरलेल्या वेळेत वीस घरं फिरणं, प्रत्येकीला नावानिशी बोलावणं, हातावर तिळगूळ आणि ओटीत वाण ठेवणं. कुणाची मुलगी लग्नाची, कुठे भाड्याने खोली आहे, कोणती डॉक्टर बरी, हे सगळं तिथेच कळतं. सीवूड्ससारख्या नव्या वस्तीत, जिथे शेजारीण मदुराईची आणि खालची कोलकात्याची, तिथे तर निम्म्या ओळखी हळदीकुंकवाच्या नाहीतर भिशीच्या.

पण या प्रथेच्या दारात उभी राहू न शकणारी बाईही असे. विधवेला वाण नव्हतं. आणि चारचौघींत बोलायची वेळ आली की उखाणा घ्यायचा, त्यात नाव नवऱ्याचं. अधिवेशनाच्या नोंदणीच्या टेबलावर गळ्यात घालायला जे कार्ड देतात, त्यावर आपलं स्वतःचं नाव असतं. आमच्यातल्या सत्तरीच्या एका काकू गेल्या वर्षी ते कार्ड घरी येईपर्यंत काढेनात. यंदा त्यांनी शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली: नाव, मोबाइल नंबर आणि खाली 'पापड, सांडगे, भाजणी'. अधिवेशनाला जाणारीने शिकावं ते त्यांच्याकडून. त्या पहिल्या जेवणाला कधीही आपल्या गटाच्या टेबलावर बसत नाहीत. "आपल्या बायका सीवूड्सलाच भेटतात की!" म्हणतात. भेटलेल्या बाईच्या कार्डामागे लगेच दोन शब्द लिहून ठेवतात, 'जळगाव, केळीचे वेफर'. घरी आल्यावर आठवडा उलटायच्या आत फोन.

बॅग भरताना

बॅग भरण्याचंही शास्त्र आहे, ते अनुभवाने येतं. प्रत्येक साडीबरोबर तिचा ब्लाउज आणि परकर एकाच कापडी पिशवीत, म्हणजे पहाटे अंधारात शोधाशोध नको. पैठणी मलमलीत गुंडाळून सगळ्यांत वर, जर आतल्या बाजूला वळवून. डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत, जर काळी पडते. सुती साडीला खळ केली असेल तर घडीपेक्षा गुंडाळी बरी. सेफ्टी पिनांचं पाकीट प्रत्येकीने न्यावं, कारण निम्म्या जणी विसरतातच. नथ, चंद्रकोर, गजऱ्याचे आकडे एका डबीत. चपला दोन जोड, पैकी एक रुळलेला. नवी कोल्हापुरी अधिवेशनाला घालणारी बाई दुसऱ्या दिवशी हमखास अनवाणी दिसते. आणि बॅगेचा एक कोपरा रिकामा ठेवायचा, तिकडच्या स्टॉलवरच्या खरेदीसाठी.

हे नियम दूरवर चालतात. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवतं. २०२४ मध्ये ते कॅलिफोर्नियात सॅन होजेला झालं. तिकडे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तेव्हा साडीचा फोटो पाठवून विचारलं होतं, "ही जास्त होईल का?" सॅन होजे काय नि सीवूड्स काय!

पण खरी बॅग घरासाठी भरावी लागते. तीन दिवसांची पोळ्यांची सोय, सासूबाईंच्या गोळ्यांची डबी वारांप्रमाणे, दूधवाल्याचा निरोप, मुलाच्या प्रोजेक्टची प्रिंट. ही यादी फ्रिजवर चिकटवल्याशिवाय आमच्यातली एकही उंबरठा ओलांडत नाही. रमाबाई रानड्यांच्या घरी टोमणे होते, आमच्या घरी फ्रिजवर यादी असते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये नऊवारीची रंगीत तालीम होती. बहुतेकींनी शिवलेली नऊवारी आणली होती, सलवारीसारखी पाय घालून चढवायची. सहाव्या मजल्यावरची मल्याळी शेजारीण, जिला आम्ही सगळ्या चेची म्हणतो, तिला मात्र खरी नेसायची होती. आमच्यात करावे गावची एक आगरी सून आहे. खाडीच्या चिखलात उतरणाऱ्या तिच्या आजेसासूचं लुगडं ती रोज बघत आलेली. ती खाली बसली, कमरेला गाठ मारली, निऱ्या घातल्या, मधला भाग पायांतून मागे ओढून काष्टा खोचला आणि हात थांबवून वर पाहिलं.

"किती खाली घेऊ?"

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. चेची दोन पावलं चालली, एक गिरकी घेऊन पाहिली.

"नाचायचंय ना," ती म्हणाली, "वर घे."