फिरत्या घरास सूर्याची वीज

आपल्या समाजांत कुटुंब प्रवासास निघतें तें बहुधा यात्रेच्या निमित्तानें. पूर्वीं बैलगाडी जुंपून, शिधा बरोबर घेऊन मंडळी निघत आणि वाटेंतील देवळाच्या ओवरींत मुक्काम करीत. पुढें आगगाडी व एस. टी. आली, वाट सोपी झाली. परंतु घरांतील वृद्धांची अडचण मात्र दूर झाली नाहीं. अपरात्रीं पोहोंचणें, धर्मशाळेचे उंच जिने, औषधांच्या वेळा आणि परक्या जागीं रात्रीं उठण्याची धास्ती, यांमुळें पुष्कळ घरांतील आजी-आजोबा "तुम्ही जाऊन या" असें म्हणून मागें राहतात; आणि ज्यांच्यासाठीं यात्रा करावयाची तेच घरीं बसतात.

या अडचणीवरील एक उपाय आतां आपल्याकडेहि दिसूं लागला आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेल्या मोटारगाडीस कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन म्हणतात; आपण तिला फिरतें घर म्हणूं. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण मंजूर केलें. कोणी तयार गाडी भाड्यानें घेतो, कोणी पुण्याच्या फोर्स मोटर्स कंपनीच्या ट्रॅव्हलरसारखी लांब गाडी घेऊन ती आंतून बांधवून घेतो. घर म्हटलें कीं दिवा, पंखा आणि आजीच्या औषधासाठीं थंडावा हीं आलींच. आणि तीं मुक्कामावर, इंजिन बंद असतां, रात्रभर चाललीं पाहिजेत. यासाठीं गाडीच्या टपावर सौर पॅनेलें बसवितात. तीं कोणत्या हिशेबानें घ्यावीं आणि कशीं बसवावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमची तीर्थपुरी जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस आहे. समर्थ रामदासांचें जन्मग्राम जांब याच तालुक्यांतलें. या मुलखांत ऊन विपुल, आणि शेतांतील सौर पंपाचें आतां कोणास नवल राहिलेलें नाहीं. त्यामुळें "ऊन फुकट आहे, मग चिंता कसली?" असें म्हणून लोक दुकानांत जातात आणि विक्रेता सांगेल तेवढें घेऊन येतात. परंतु पंढरीची मोठी यात्रा वैशाखांत नसून आषाढांत असते, हें त्या वेळीं ध्यानांत राहत नाहीं. चैत्र-वैशाखांत एक चौरस मीटर सपाट जागेवर दिवसास ६ यूनिटांहून अधिक सूर्यशक्ति पडते. आषाढ-श्रावणांत ती ४ यूनिटांच्या आसपास उतरते, आणि झड लागली कीं त्याहूनहि पुष्कळ खालीं जाते. पावसाच्या दिवशीं शेतांतला पंप थांबला तर बिघडत नाहीं. औषधाची पेटी थांबली तर बिघडतें. म्हणून सुज्ञ वाचकांस पहिली सूचना ही कीं, हिशेब वैशाखाच्या उन्हांत न करतां आषाढाच्या ढगाखालीं करावा.

प्रथम एक गैरसमज दूर करणें इष्ट आहे. टपावरची ही वीज गाडी ओढण्यासाठीं नव्हे. तसे प्रयत्न झाले आहेत व होत आहेत. नेदरलंड्समधील आइंडहोवेन येथील विद्यार्थ्यांनीं 'स्टेला व्हिटा' नांवाचें सूर्यावर चालणारें फिरतें घर बनविलें आणि २०२१ सालीं तें स्पेनच्या दक्षिण टोंकास तारिफा येथवर नेलें. पण त्यासाठीं गाडी थांबवून टप पंखांसारखा पसरावा लागे. आपल्याकडे पुण्याच्या एका कंपनीनें 'एव्हा' नांवाची, टपावर सौर पॅनेल असलेली छोटी विजेची मोटार २०२३ च्या वाहन-प्रदर्शनांत मांडली. हीं कौतुकाचीं उदाहरणें होत. तूर्त आपलें काम दिवे-पंख्यांपुरतें आहे.

आतां गरजेचा हिशेब. घरच्या बिलांत ज्यास आपण यूनिट म्हणतों, तें म्हणजे १००० वॉटचें उपकरण एक तास चालविण्यास लागणारी वीज. सहा माणसांचें कुटुंब धरूं. ५ वॉटचे चार दिवे रोज पांच तास जळले तर १०० वॉट-तास. कमी विजेवर चालणारे १६ वॉटचे दोन पंखे दहा तास फिरले तर ३२०. भ्रमणध्वनि भारण्यास सुमारें ७५, आणि पाण्याच्या लहान पंपास २०. उरला फ्रिज. गाडीसाठीं १२ व्होल्टांवर चालणारे लहान फ्रिज मिळतात. आपल्याकडच्या उष्म्यांत त्यास दिवसास ५०० च्या आसपास लागतात. हा फ्रिज चैनीचा नव्हे. न उघडलेली इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि ती गोठतांहि कामा नये. ज्या घरांत मधुमेही वृद्ध आहेत तेथें यात्रेस जाणें अथवा न जाणें याच पेटीवर ठरतें. सर्व बेरीज १०१५ वॉट-तास, म्हणजे ढोबळ मानानें रोजचें एक यूनिट.

या बेरजेंत काय घेतलें नाहीं तेंहि पाहावें. विजेची इंडक्शन शेगडी २००० वॉटपर्यंत ओढते. एक तासाच्या स्वयंपाकांत दोन दिवसांची वीज संपेल. वातानुकूलन यंत्र रात्रभर चालविल्यास पांच-सहा यूनिटें सहज लागतात. तेवढीं पॅनेलें टपावर मावणारच नाहींत. म्हणून स्वयंपाक गॅसवर, खिडकी उघडी ठेवून करावा, आणि गारव्यासाठीं पंखा व जाळीच्या खिडक्या यांवर भागवावें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. येथें अंथरूण म्हणजे गाडीचा टप.

गरज ठरली म्हणजे पॅनेल आपोआप ठरतें. आषाढांतील ४ हा आंकडा घ्यावा. धूळ, उष्णता, तारा व बॅटरी यांत जाणारा भाग वजा जातां शेंकडा ७० हातीं येते असें धरावें. म्हणजे प्रत्येक १०० वॉट पॅनेलामागें दिवसास २८० वॉट-तास पदरांत पडतात. १००० साठीं ३६० वॉट लागतात. बाजारांत २०० वॉटचीं दोन पॅनेलें घेतलीं कीं काम होतें. पॅनेलावर भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. नुसत्या आंकड्यावर विश्वास न ठेवतां मापहि घ्यावें : आजच्या चांगल्या पॅनेलाच्या एका चौरस मीटरांत २०० ते २२० वॉट मावतात. अर्ध्या मीटराच्या पॅनेलावर कोणी २०० वॉट लिहून दाखवील, तर तो आंकडा खोटा समजावा.

युरोपांतील पुस्तकांत पॅनेल तिरपें ठेवण्याचा फार आग्रह असतो. आपणांस त्याची तितकी गरज नाहीं. तीर्थपुरी सुमारें साडेएकोणीस अक्षांशांवर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यांत आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यांत सूर्य मध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो आणि सांवली नाहींशी होते. टपावर सपाट ठेवलेलें पॅनेल त्या काळांत उत्तम चालतें. मार्गशीर्ष-पौषांत मात्र मध्यान्हींचा सूर्य ४७ अंशांवरच राहतो आणि सपाट पॅनेलास शेंकडा ७३ एवढेंच मिळतें. पण तेव्हां आकाश निरभ्र असतें आणि पंख्याचेंहि काम नसतें.

ऊन जास्त म्हणजे वीज जास्त हें खरें. उष्णता जास्त म्हणजे वीज जास्त हें खरें नव्हे. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलें कीं दर अंशास त्याची शक्ति शेंकडा सुमारें ०.३५ नें घटते. वैशाखांत तें ६५ अंशांपर्यंत तापलें तर शेंकडा १४ वीज गेली. म्हणून पॅनेल टपास चिकटवूं नये. खालीं दोन इंच मोकळी जागा ठेवावी, म्हणजे वारा खेळतो आणि गाडीसहि छत्रीसारखी सांवली मिळते. झाडाची सांवली हा दुसरा शत्रु. फांदीची सांवली पॅनेलाच्या एका कोंपऱ्यावर पडली तरी त्याची बरीचशी वीज अडते. माणसांस निंबाची सांवली हवी आणि पॅनेलास ऊन हवें, हा तंटा रोजचाच. तो मिटविण्यास १०० वॉटचें एक घडीचें पॅनेल व आठ-दहा मीटर तार जवळ ठेवावी. गाडी सांवलींत, पॅनेल उन्हांत.

दिवसा मिळविलेली वीज रात्रीं पुरवावयाची तर कोठार पाहिजे. तें म्हणजे बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची शिसें-आम्लाची बॅटरी स्वस्त असते, पण ती पन्नास किलोंहून जड, निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर मरणारी आणि भरतांना ज्वालाग्राही हायड्रोजन वायु सोडणारी. ज्या बंद गाडींत नातवंडें निजावयाचीं, तेथें ती आंत ठेवूं नये. फिरत्या घरास लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी योग्य. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरींत १२८० वॉट-तास मावतात, वजन बारा-तेरा किलोच, आणि ती दोन हजारांहून अधिक वेळां भरतां येते. आपल्या रोजच्या एका यूनिटास अशा दोन बॅटऱ्या घ्याव्या. म्हणजे सूर्यदर्शन न होतां दोन दिवस निभतात. तिसऱ्या दिवसासाठीं इंजिन आहेच. डीसी-टू-डीसी चार्जर नांवाचें ३० अँपिअरचें यंत्र बसविलें, तर दोन तासांच्या प्रवासांत पाऊण यूनिट बॅटरींत पडतें. आषाढीच्या वाटेवर सूर्य आणि इंजिन हीं दोन चाकें समजावीं.

लिथियम बॅटरीची एक मर्यादा यात्रेकरूंनीं विशेष ध्यानांत ठेवावी. शून्य अंशाखालीं ती भरूं नये. भरल्यास ती कायमची बिघडते. बदरीनाथासारख्या ठिकाणीं थंडीच्या रात्रीनंतर पहाटे गाडी सुरू करतांना हा प्रसंग येऊं शकतो. तसेंच वैशाखांत बंद गाडी भट्टीसारखी तापते. म्हणून तपमान पाहून भरणें स्वतः थांबविणारी रक्षकयोजना असलेलीच बॅटरी घ्यावी, आणि ती इंजिनापासून दूर, हवा खेळेल अशा जागीं घट्ट आवळून बसवावी.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्यें नियंत्रक असतो. त्याचे दोन प्रकार. पैकीं एमपीपीटी हा महाग, परंतु पॅनेलाच्या चढ्या दाबाचें रूपांतर अधिक प्रवाहांत करणारा. ढगाळ दिवसांत त्याचा उपयोग विशेष. ४०० वॉटच्या पॅनेलांस ४० अँपिअरचा नियंत्रक पुरे.

आतां ज्या एका ठिकाणीं काटकसर प्राणावर बेतते, तें सांगतों. घरीं ५०० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टांवर दोन अँपिअरांहून किंचित् अधिक प्रवाह घेतो. तोच गाडींत १२ व्होल्टांच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालविला, तर बॅटरीच्या तारेंतून सुमारें ४५ अँपिअर वाहतात. दाब कमी, म्हणून प्रवाह मोठा. आणि तारेंतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. नियंत्रकापासून बॅटरीपर्यंत दोन मीटर अंतर आहे आणि ३० अँपिअर न्यावयाचे आहेत, असें समजा. घरांत वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तार घातली, तर २५ वॉट त्या तारेंतच जळतात व ती तापते. १० चौरस मिलिमीटरची घातली तर ६ वॉटच जातात. इन्व्हर्टरची तार त्याहूनहि जाड हवी. बॅटरीच्या धन टोंकाजवळच, वीतभर अंतराच्या आंत, योग्य क्षमतेचा फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूज यंत्राचें नव्हे, तारेचें रक्षण करतो. तो दूर बसविला तर मधली तार अनाथ राहते. पत्र्याला छिद्र पाडून तार नेतांना रबरी कडें घालावें, नाहीं तर धक्क्यांनीं तिचें आवरण कापलें जातें. फ्यूजाचे आणि तारेचे वांचविलेले थोडे रुपये, आणि आंत निजलेलीं सहा माणसें. यांची तुलना करण्याची वेळ येऊं देऊं नये. लहान अग्निशामक नळकांडें दाराजवळ हाताशीं ठेवावें.

पॅनेलें टपावर बसवितांना चिकटपट्टीवर भिस्त ठेवूं नये. धांवत्या गाडीचा वारा त्यांस खालून उचलतो. धातूचे कोन व बोल्ट यांनीं तीं जखडावीं, छिद्रें लवचीक लांबीनें बुजवावीं आणि पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट पुन्हां आवळावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीवांचून करतां येत नाहीं. आणि फिरत्या घरांच्या बांधणीसाठीं एआयएस-१२४ हें मानक आहे. तेव्हां आंत खाटा ठोकण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी. मागाहून केलेली धांवाधांव दुप्पट पडते.

शेवटीं एक गोष्ट यंत्रांची नसून घराची. एकत्र कुटुंबांत धान्याचें कोठार सर्वांचें असतें, म्हणूनच त्याची किल्ली एका जाणत्या हातीं असते. विजेच्या कोठाराचेंहि तसेंच करावें. बॅटरींत किती उरलें हें दाखविणारा मापक सर्वांस दिसेल अशा जागीं लावावा. रोज सकाळीं व सायंकाळीं त्याचा आंकडा घरांतील मुलांनीं वहींत लिहावा, आणि निम्म्याखालीं गेला कीं प्रथम भ्रमणध्वनि, मग पंखा आणि सर्वांत शेवटीं आजीचा फ्रिज, असा क्रम निघण्यापूर्वींच ठरवावा. मुलांस यांतून गणितहि येईल आणि आपण वापरतों ती वीज कोठून येते हेंहि कळेल. ज्या घरांत हा क्रम आधीं ठरला, त्यांनीं आषाढाच्या ढगांस भिण्याचें कारण नाहीं. आणि त्यांच्या आजीनें या खेपेस "तुम्ही जाऊन या" असें म्हणण्याचेंहि.